कोठीवरच्या बायांचा पगार

नगर

प्रिय बाळ,


तुझं पत्र मिळालं. पालिकेच्या कोठीवर झाडूकाम करणाऱ्या बायांचा दोन महिन्यांचा पगार ठेकेदाराने अडकवलाय, त्यातल्या काही आपल्याच मंडळीतल्या. उपासना संपल्यावर तू त्यांच्या अर्जावर सह्या मागितल्यास, तर मंडळीच्या पंचांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं की जगाची भांडणं देवाच्या घरात आणू नकोस. हवं तर प्रार्थना करू, शिधा देऊ. वाचल्यापासून तुला काय लिहावं हेच मनात घोळतंय.

पंच वाईट माणसं नाहीत. लॉकडाऊनमध्ये तोंडाला रुमाल बांधून घरोघर पीठ-डाळ पोचवणारी हीच माणसं होती. पण शिधा वाटला तर कुणाला राग येत नाही. पगार का अडला असं विचारलं की ठेकेदाराला येतो, त्याच्या पाठीशी असलेल्याला येतो, आणि मंडळीचा एखादा कागद ज्याच्या टेबलावर पडलाय त्यालाही येतो. पंचांची भीती खरी आहे, ती समजून घे. मात्र तिला देवाची आज्ञा समजू नकोस.

कारण मजुरीच्या बाबतीत आपलं शास्त्र मोघम बोलतच नाही. लेवीय काढून बघ: मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा स्वतःकडे ठेवायची नाही. अनुवादाच्या पुस्तकात आणखी स्पष्ट केलंय, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण माणूस गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला आहे. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची बुडवलेली मजुरीच मालकाविरुद्ध ओरडते आणि ते ओरडणं परमेश्वराच्या कानी जातं. तुझ्या बायांचा अर्ज वेगळं काय सांगतो?

आणि आमोस. तकोवाचा मेंढपाळ. बेथेलच्या देवस्थानात जाऊन त्याने सांगितलं की तुमच्या सणांचा आणि गाण्यांचा देवाला वीट आलाय, कारण बाजारात तुमची मापं खोटी आहेत आणि गरिबाला तुम्ही जोड्याच्या मोलाने विकता. तिथला याजक अमस्या त्याला म्हणाला, आपल्या गावाकडे जा आणि तिकडे काय सांगायचं ते सांग, हे राजाचं देवस्थान आहे. पंच तुला जे म्हणाले त्याच्याशी हे ताडून बघ. आमोसाचं पुस्तक शास्त्रात आलं. अमस्याचं नाव राहिलं ते त्याने आमोसाला हाकललं एवढ्याचसाठी.

तू विचारतेस, आपल्याकडे कुणी असं केलंय का. पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्या लोकांना केडगावचं मुक्ती मिशन आठवतं, दुष्काळातून आणलेल्या मुली आठवतात, शास्त्राचं भाषांतर आठवतं. सगळं खरं आणि मोठंच. पण १८९७ मधली एक गोष्ट उपदेशात सहसा येत नाही. पुण्यात प्लेग होता. गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेत होते. प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्राला पत्र लिहून उघड केलं. त्यांच्या आसऱ्यातली एक मुलगी त्या इस्पितळात नेली गेली होती, तिचं पुढे काय झालं याचा जाब त्यांनी मागितला. प्रश्न थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने त्यांचं म्हणणं खोडून काढलं, तरी त्यांनी ते मागे घेतलं नाही.

जरा त्यांच्या जागी उभी राहून बघ. राज्य ख्रिस्ती राणीचं. संस्था चालायची ती परदेशातल्या ख्रिस्ती लोकांच्या वर्गण्यांवर. चारच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, त्यांच्या शारदा सदनात मुलींना बाटवतात म्हणून गहजब झाला होता, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते, लोकांनी मुली काढून नेल्या होत्या. गावात आधार उरला नव्हता, उरला तो फक्त सरकारात आणि मिशनऱ्यांत. गप्प बसायला याहून सबळ कारण कुणाला मिळालं असतं? त्या बोलल्या. भुकेल्या मुलींना जेवू घालणारी बाई आणि गव्हर्नरला जाब विचारणारी बाई एकच होती, आणि मला वाटतं तिचा विश्वासही एकच होता. इंग्लंडात असताना लंडनच्या फुलहॅममध्ये ख्रिस्ती जोगिणी 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना सांभाळताना त्यांनी पाहिल्या. असं यांच्याकडून कोण करवून घेतं, या प्रश्नावर त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली. ख्रिस्त त्यांना विहिरीवर त्या बाईशी बोलतानाच भेटला. मग त्यांनी बायकांची बाजू सोडायची कशी?

बाबासाहेबांचा आपल्यावरचा आक्षेपही वाच, टाळू नकोस. अस्पृश्यांना सांगितलं गेलं की तुमच्या दुःखाचं मूळ तुमच्या पापात आहे, आणि समाजाने लादलेला अन्याय तसाच राहिला; बाटलेला माणूस लढायचंच विसरला, असा त्याचा रोख आहे. मला तो बोचतो, कारण पुष्कळ मंडळ्यांत अजून तसंच चालतं.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क धर्माला बांधले. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आपल्याला नाही. त्यासाठी आपली मंडळी निवेदनं देते, मोर्चाला जाते, आणि तो न्यायाचाच लढा आहे. पण ज्या बाईसाठी आपण तो लढतो, तिची कागदावरची जात गेली तरी हातातला झाडू गेलेला नाही. तिच्या पगाराचं निवेदन मात्र जगाचं भांडण ठरतं. हे पंचांसमोर शांतपणे मांड. त्यांना नक्की समजेल, निदान दोघांना तरी.

अर्जात फक्त आपल्या बायांची नावं असू नयेत एवढं बघ. तू लिहितेस की त्याच कोठीवर बौद्ध, मातंग, मुसलमान बाया आहेत आणि पगार त्यांचाही अडलाय. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने दीनांच्या सुटकेचं वचन वाचलं तोवर लोक खूश होते. सारफथची विधवा आणि सुरियाचा नामान, म्हणजे परकी माणसं, त्याने पुढे केली तेव्हा त्याला कड्यावरून लोटायला उठले. सगळ्यांची नावं घाल.

अर्ज ठेकेदाराबरोबर पालिकेलाही दे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने भरायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ठरलेलं आहे, आणि इथे मूळ मालक पालिका आहे. मुकादमाच्या हजेरीपुस्तकाचे फोटो काढता आले तर आत्ताच काढून ठेवा. भांडण वाढलं की पुस्तकं सापडत नाहीत. पगाराच्या स्लिपवर फंड कापलेला दिसतोय, तो खात्यात भरला गेलाय का हेही तपासून घ्या.

मंडळी सोडायचा विचार लिहिला आहेस. सोडू नकोस. त्या बाया तिथे दर रविवारी बसतात, त्यांच्या शेजारी तू हवीस. पाळकसाहेबांशी मी फोनवर बोलले आहे, पंचांच्या पुढच्या बैठकीला ते आपल्याला वेळ देणार आहेत. मी सकाळच्या एसटीने येते. बायांपैकी ज्यांना बोलायचंय त्यांना घेऊन ये. आपलं म्हणणं त्यांनीच मांडू दे, आपण बाजूला बसू.

तुझी,
आत्या