टोकाचा वाफा कोरडा का?

विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, पाइपही जोडलेला आहे आणि टोकाचा वाफा मात्र कोरडा! रानात राबणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. पण हाच अनुभव मला गेल्या पावसाळ्यात घराच्या पडवीत, लॅपटॉपसमोर बसून आला. त्यातून मी दोन गोष्टी शिकले. एक लॅपटॉपची आणि एक माझ्या जिभेची. दोन्ही सांगते.

आमची वस्ती फलटण तालुक्यातली. वीर धरणातून निघालेल्या नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आमचा ऊस उभा असतो. गावापासून लांब असल्यामुळे मोबाईलला रेंज नाही म्हटले तरी चालेल. म्हणून ह्यांनी जून महिन्यात घरात फायबरची तार घेतली. पडवीच्या भिंतीवर राऊटरची पांढरी डबी बसली आणि घरात वायफाय आले.

आमचा थोरला पुण्याला वसतिगृहात राहून शिकला. नोकरी लागल्यावर त्याला तिकडून नवा लॅपटॉप मिळाला आणि जुना धाकटीच्या वाट्याला आला. ती त्यावर पेनड्राइव्हमधून आणलेले धडे बघायची. इंटरनेट त्याला घरी कधी जोडलेच नव्हते.

धाकटी यंदा बारावी झाली, सीईटी दिली, मार्क बरे पडले. तिला शेतीचीच पदवी घ्यायची होती. त्यासाठी कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे होते. कोणते कॉलेज पहिले हवे, कोणते दुसरे, अशी ती उतरंड असते. ती चुकली तर जवळचे कॉलेज राहून पोरगी लांब कुठेतरी जायची, आणि भरलीच नाही तर त्या फेरीतून बाहेर.

त्याचा शेवटचा दिवस होता. आदल्या दिवशी ती तालुक्याला जाऊन फॉर्म भरून येणार होती. पण भुईमुगाची भांगलण चालू होती, दोन बाया आल्या नव्हत्या. मीच म्हटले, "आजचा दिवस थांब गं, उद्या जा." रात्री पाऊस कोसळला, ओढ्याला पाणी आले आणि सकाळी रस्ता बंद झाला.

"असू दे आई, आता घरात वायफाय आहे की," असे म्हणून तिने लॅपटॉप उघडला. वायफायच्या यादीत आमच्या घरचे नाव दिसले, पासवर्ड टाकला, जोडले गेले. रेघा भरलेल्या, पण नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेले, 'नो इंटरनेट'. पान काही उघडेना. तिने बंद केले, परत चालू केले. तेच. दहा वाजले, अकरा वाजले.

माझा जीव वरखाली होऊ लागला आणि सगळा राग पोरीवर निघाला. "शेवटच्या दिवसापर्यंत ठेवायची सवयच आहे तुला! सारखं काहीतरी दाबत बसायचं, मग बिघडणार नाही तर काय?" ती काहीच बोलली नाही. खाली मान घालून बसली. तिच्या नखांत अजून कालची माती होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराशी लसूण सोलत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पाणी आलं न्हाई म्हणून वाफ्याला बोलतीस व्हय? आधी चारी बघून ये की."

मी गप्प झाले. वीस वर्षे मी रात्री-अपरात्री दारं धरते. पाणी आले नाही तर आम्ही काय करतो? विहिरीपासून निघतो आणि एकेक सांधा बघत टोकापर्यंत येतो. मी धाकटीजवळ बसले आणि म्हटले, "चल, विहिरीपासून बघू."

आता मला कळलेली गोष्ट सांगते. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय हा फक्त भिंतीवरच्या डबीपासून लॅपटॉपपर्यंतचा पाइप. डबीत पाणी बाहेरच्या तारेतून येते. ही फायबरची तार म्हणजे केसासारखा काचेचा दोरा, त्यातून उजेडाच्या रूपाने निरोप धावतात. दोरा तुटला तरी घरातले वायफाय दिसतच राहते, कारण घरातला पाइप शाबूत असतो. म्हणून 'जोडले आहे' आणि 'इंटरनेट नाही' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात.

पहिला सांधा, भिंतीवरची डबी. डबीवर 'लॉस' असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल पेटला असेल तर तारेतून उजेडच येत नाही असे समजावे. मग घरात कितीही खटपट करून उपयोग नाही, तारवाल्याला बोलवावे लागते. आमचा तो दिवा विझलेला होता, म्हणजे ठीक. तरी डबीचे बटण बंद केले, अर्धा मिनिट थांबलो, पुन्हा चालू केले आणि दिवे स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. लॅपटॉपवर तेच.

दुसरा सांधा, दुसरे तोंड उघडून बघणे. त्याच वायफायवर माझा मोबाईल जोडला. बाजारभाव झटकन उघडले! म्हणजे पाणी पडवीपर्यंत आले होते, दोष लॅपटॉपमध्येच होता. धाकटीने मोबाईलवरच फॉर्म भरून पाहिला. पण तेवढ्याशा काचेवर कॉलेजांची नावे वरखाली करताना बोट घसरायचे आणि क्रम बिघडायचा. दोनदा बिघडला. अगदीच अडले तर मोबाईलवरच भरायचे ठरवून आम्ही पुढे गेलो.

तिसरा सांधा. धाकटीने लॅपटॉपला वायफायचे नाव विसरायला लावले आणि नव्याने जोडले. तरी नाही. मग त्याच वायफायवरून मोबाईलने थोरल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सेटिंग्ज उघड. नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, आपल्या वायफायच्या प्रॉपर्टीज बघ. आयपी असाइनमेंटपुढे काय लिहिलंय?"

धाकटीने वाचले, "मॅन्युअल." खाली एक लांब आकडा होता, दहाने सुरू होणारा.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो हसला. "आई, हे माझंच पाप आहे. वसतिगृहात प्रत्येकाला ठरलेला आकडा दिला होता, तो मी हातानं टाकला होता. तो तसाच राहिला."

गोष्ट अशी की डबीला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. एरवी तो डबीच आपणहून देते. आमच्या डबीचे आकडे १९२.१६८ ने सुरू होतात. आमचा लॅपटॉप मात्र पुण्याच्या वसतिगृहाचा पत्ता गळ्यात बांधून बसलेला! दुसऱ्या गावचा गट नंबर घेऊन आपल्या तलाठ्याकडे सातबारा मागितला, तर तो कुठून देणार?

'मॅन्युअल'च्या जागी 'ऑटोमॅटिक' केले. त्याखाली डीएनएस असे लिहिलेले होते, तेही ऑटोमॅटिक केले आणि सेव्ह केले. दोनचार क्षणांत 'नो इंटरनेट' ही अक्षरे गेली आणि पान उघडले. दुपारी दीड वाजता फॉर्म भरून झाला. दुसऱ्या पसंतीचे कॉलेज लागले आणि आज पोरगी तिथे शिकते आहे.

वाचकहो, तुमच्याकडे असे झाले तर घाबरू नका. महिन्याचे पैसे भरलेत ना, हे आधी बघा. ते संपले तरी वायफाय दिसते, पाणी मात्र येत नाही. मग डबीचे दिवे, मग दुसरा मोबाईल, मग लॅपटॉप, याच क्रमाने जा. लॅपटॉप बरेच दिवस पडून असेल तर त्यावरची तारीख बघा. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि चालू असलेल्या इंटरनेटवरही पाने 'सुरक्षित नाही' म्हणून अडतात. शक्यतो शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका.

आणि हे शेवटचे वाक्य मी आधी स्वतःला सांगते. त्या संध्याकाळी चुलीपाशी मी धाकटीला म्हटले, "काल तुला रानात मीच थांबवलं होतं. आणि आज बोललेही मीच."

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं आई." आणि भाकरी थापायला माझ्या शेजारी बसली.