औंध: नमस्कार, चित्रे आणि यमाईचा डोंगर

औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव. पुण्याच्या औंधशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. रहिमतपूर मागे टाकून पूर्वेकडे निघाले की कृष्णाकाठचा ऊस विरळ होत जातो, पाऊस कमी होतो आणि शाळू-बाजरीचा, बोडक्या टेकड्यांचा मुलूख सुरू होतो. खटाव आणि त्याला लागून असलेला माण हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. दुष्काळ इथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अशा भागातल्या एका लहान गावात राजा रविवर्म्याचे मूळ चित्र, हेन्री मूरचे शिल्प, जगभर गेलेल्या सूर्यनमस्कारांची परंपरा आणि रात्रभर चालणारी गाण्याची बैठक एकत्र नांदते. नोकरीसाठी शहरात गेलेल्या इथल्या माणसाला सुट्टीत आनंद शोधायला दुसरीकडे जावे लागत नाही, हे प्रस्तुत लेखकाने स्वतः अनुभवले आहे. त्याचे आजोळ याच भागातले, आणि पुढील माहितीपैकी बरीचशी आजोळच्या सकाळ-संध्याकाळींतून मिळालेली आहे.

औंध हे पंतप्रतिनिधींचे संस्थान होते. परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे मूळ कर्तृत्ववान पुरुष आणि औंधची यमाई ही त्यांची कुलदेवता. संस्थान लहान, गावे अवघी ७२ आणि तीही सलग नव्हती: काही औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर काही थेट विजापूरच्या बाजूला. याच कुंडल भागातील माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा मिळाली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. संस्थानाचा जो लौकिक आज उरला आहे तो मुख्यतः एका माणसामुळे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि संस्थान विलीन होण्याच्या काळापर्यंत त्यांनी कारभार पाहिला. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर हे कैद्यांना मोकळे ठेवणारे वसाहतवजा कारागृह त्याच सुमारास उभे राहिले. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कल्पना तिथूनच आली. हा इतिहास मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहिले गेले आहे. इथे बाळासाहेबांचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी करायचा. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि रोज नमस्कार घालणारे होते. चित्र, गाणे आणि व्यायाम ही चैनीची कामे नसून रोजची कामे आहेत असे ते मानत, आणि प्रजेनेही तसे मानावे म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली.

तरुणपणी त्यांनी प्रसिद्ध व्यायामपटू सॅन्डोच्या पद्धतीने डंबेल्सचा व्यायाम केला. १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ते सोडले नाहीत. संस्थानच्या शाळांत मुला-मुलींना नमस्कार सक्तीचे झाले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. त्यातूनच १९३८ मध्ये तिकडच्या वाचकांसाठी नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. आज जगभरच्या योगवर्गांत जे सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसारात औंधचा वाटा फार मोठा आहे. सातारकरांनाही ही गोष्ट पुरेशी माहीत नसावी, याचे वाईट वाटते.

औंधच्या शाळांत शिकलेल्या पिढीच्या घरी नमस्कार हा वेगळा ‘कार्यक्रम’ नसे. तोंड धुणे, नमस्कार, मग चहा असा क्रम असे. अंगणात पूर्वेकडे तोंड करून जुन्या घोंगडीची घडी टाकायची, हात जोडून उभे राहायचे आणि सूर्याच्या बारा नावांपैकी पहिले नाव घ्यायचे: मित्र. मग रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सवितृ, अर्क आणि शेवटी भास्कर. प्रत्येक नावाआधी ओंकार आणि ह्रां, ह्रीं, ह्रूं यांसारखे बीजाक्षर. औंधच्या पद्धतीत या उच्चाराला फार महत्त्व आहे. ‘ह्रां’ मोठ्याने आणि नीट म्हटले की छातीत कंप जाणवतो आणि फुप्फुसातला श्वास आपोआप पूर्ण बाहेर जातो. मनातल्या मनात म्हटले तर हे घडत नाही.

नमस्कारातली सर्वांत अवघड अवस्था साष्टांगाची. आठ अंगे जमिनीला टेकायची: दोन पायांचे चवडे, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ. पोट मात्र टेकवायचे नाही, ते आत ओढून वर ठेवायचे. ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची पाठ नेमकी इथे बोलू लागते. पोट सैल पडते आणि सगळे धड जमिनीवर पसरते. आजोळची वयस्क माणसे अशा वेळी ओरडत नसत, फक्त पोटाखाली हात सरकवून बघत. हात सहज गेला तर नमस्कार बरोबर. पुढच्या अवस्थेत छाती उचलून मान मागे टाकली की डोळ्यांसमोर समोरच्या घराचे कौल आणि त्यावर नुकते चढलेले ऊन येते. कपाळाला लागलेली माती, खरखरीत घोंगडीचा हनुवटीला होणारा स्पर्श आणि हळूहळू गरम होणारे खांदे एवढ्यानेच अंगात तरतरी येते. या व्यायामाला पैसा लागत नाही, माणसाच्या उंचीएवढी जागा लागते. राजेसाहेबांनी तो दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्यापुढे ठेवला त्याचे कारण हेच असावे. मात्र ज्याला पाठीचा, गुडघ्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. शेजारी कितीही घालत असला तरी संख्या हळूहळूच वाढवावी.

नमस्कार झाल्यावर डोंगर. गावाला लागूनच यमाईचा डोंगर आहे आणि माथ्यावर मूळपीठ. गावातले यमाईचे देऊळ वेगळे. ते राजवाड्याजवळ असून त्याच्यापुढची उंच दगडी दीपमाळ लांबूनही नजरेत भरते. मूळपीठाकडे गाडीरस्ता गेला आहे, पण पायऱ्यांनी जाण्यात जे मिळते ते गाडीने मिळत नाही. चढण दमवणारी आहे, जीवघेणी नाही. थोडे चढले की गावातला आवाज खाली राहतो, वारा वाढतो, आणि मागे वळून पाहिले की शेतांचे तुकडे, ओढ्याकाठची बाभळींची रांग आणि पलीकडे एकामागे एक सपाट माथ्यांचे डोंगर दिसतात. पावसाळ्यानंतर काही आठवडे हे सगळे हिरवे असते, एरवी पिवळे. पिवळा रंगही कमी देखणा नाही. मूळपीठातली देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची, बसलेली आणि भव्य आहे. पौष महिन्यात यमाईची यात्रा भरते. तेव्हा डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते, आणि परगावी गेलेले औंधकर हमखास परत येतात.

डोंगराच्या चढणीवर, माथ्याच्या बऱ्याच खाली, श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. बाळासाहेबांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह लोकांना पाहता यावा म्हणून त्यांनी ते १९३८ मध्ये उभारले. वाड्यात राहिला असता तर तो पाहुण्यांपुरता उरला असता. देवीच्या वाटेवर ठेवल्यामुळे दर्शनाला जाणारी बाई, तिचे पोर आणि तिचा धनी असे सगळे सहज आत डोकावतात. ही जागेची निवड हाच बाळासाहेबांचा सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल. आत राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आहे. चित्रकार धुरंधरांची चित्रे आहेत. राजस्थानी, पहाडी आणि मुघल शैलीतली लघुचित्रे आहेत. हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम आहे. युरोपच्या प्रवासात घेतलेल्या कलाकृती आहेत, आणि त्यांत हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालकाचे शिल्पही आहे. स्वतः बाळासाहेबांनी काढलेली चित्रेही आहेत. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढावी यासाठी पुढाकार आणि एक लाख रुपयांची देणगी त्यांचीच. ती आवृत्ती सचित्र असावी हा त्यांचा आग्रह होता.

एवढा संग्रह एका फेरीत पाहू गेल्यास डोळे थकतात आणि बाहेर आल्यावर काहीच आठवत नाही. जो इथे पुन्हा पुन्हा येऊ शकतो त्याने एका भेटीत एक किंवा दोनच चित्रे पाहावीत. गावाशी नाते असण्याचा हा मोठा फायदा: ‘सगळे बघून घ्या’ ही पर्यटकाची घाई त्याला नसते. उदाहरणार्थ ‘सैरंध्री’. अज्ञातवासात विराटाच्या राणीची दासी झालेली द्रौपदी, आणि राणीने तिला कीचकाच्या महालाकडे पाठवले आहे. यात्रेला आलेल्या बायका या चित्रापाशी थांबतात. त्यांना रविवर्म्याचे नाव ठाऊक नसले तरी कथा पुरती ठाऊक असते. ‘ही बघ द्रौपदी, कीचकाकडं धाडलीय हिला,’ असे सासू सुनेला सांगते, आणि दोघी चित्रातल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहतात. जाणकाराने रंगलेपनाविषयी बोलावे, पण चित्र बघणे म्हणजे काय हे या दोघींकडूनही शिकावे. मूरच्या शिल्पाशी अशी तयार ओळख नसते. दगडातली ती आई कुठल्याच कथेतली नाही. लेखकाला सुरुवातीला त्या शिल्पात काही दिसले नाही. पुढच्या भेटींत मात्र आई आणि मूल यांच्यामधली सीमा कुठे संपते, एकाचा आकार दुसऱ्यात कसा मिसळतो, हे शोधण्यात वेळ कसा गेला ते कळले नाही.

ज्याला चित्र काढता येत नाही त्यानेही इथे वही-पेन्सिल घेऊन यावे. संग्रहालयाच्या नियमांप्रमाणे आत परवानगी नसेल तर बाहेर पायरीवर बसून दीपमाळ काढावी. एक दगडी स्तंभ आणि त्याला फुटलेले दिव्यांचे हात, एवढेच. ती उतरवताना हात कुठे जवळ येतात, कुठे वर चढत लहान होतात हे पाहावेच लागते, आणि वर्षानुवर्षे समोर असलेली दीपमाळ त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसते.

औंधचे गाणेही जुने. ग्वाल्हेर घराण्याचे गवई अंतूबुवा जोशी इथे दरबार गायक होते. आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ अंतूबुवांनी १९४० मध्ये संगीत उत्सव सुरू केला आणि पुढे त्यांचे चिरंजीव, गायक आणि व्हायोलिनवादक पं. गजाननबुवा जोशी यांनी तो चालवला. तो अजून चालू आहे. दसरा होऊन गेलेला, हवेत जरा गारवा आलेला, बैठक जमिनीवर, आणि शेजारी दिवसभर शेतात राबून आलेला माणूस डोळे मिटून बसलेला. त्याला रागाचे नाव माहीत असते असे नाही, पण समेवर त्याची मान बरोबर हलते. शहरातल्या सभागृहात तिकीट काढून ऐकलेले गाणे आणि हे गाणे यांत फरक आहे तो शेजाऱ्याचा. गजाननबुवांचे शिष्य उल्हास कशाळकर यांच्यासारख्या गायकांमुळे ही परंपरा औंधबाहेर सर्वदूर पोचली, तरी तिची रात्र अनुभवायची ती इथेच.

पौष-माघात शाळूची कणसे भरतात, तेव्हा हुरडा सुरू होतो. शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या आणि त्या आगटीच्या निखाऱ्यात कोवळी कणसे खुपसायची. भाजलेले कणीस तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा. हिरवे, मऊ, गरम दाणे तळव्यावर उरतात. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. चोळणारा हात घरातल्या वडीलधाऱ्याचा असतो, कारण चटका सोसून तोच पटापट चोळू शकतो. पाहुण्याला मान म्हणून पहिली मूठ त्याच्या हातावर पडते. दुपारी भाकरी, पिठले आणि खर्डा झाला की संध्याकाळी पुन्हा डोंगराकडे पाय वळतात.

औंधला जायचे तर पुण्या-मुंबईकडून साताऱ्यापर्यंत आणि तिथून रहिमतपूरमार्गे एसटीने जाता येते. रेल्वेने येणाऱ्याला पुणे-मिरज मार्गावरील रहिमतपूर स्टेशन सोयीचे. देवीची यात्रा आणि हुरडा पौषात, सूर्यनमस्कारांचा दिवस म्हणून शाळाशाळांत पाळली जाणारी रथसप्तमी माघात, आणि संगीत उत्सव दसरा-दिवाळीच्या दरम्यान. चित्रे निवांत पाहायची असतील तर यात्रेचे दिवस टाळावेत. उन्हाळ्यात डोंगर चढायचा असेल तर ऊन तापायच्या आत निघावे, पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि संग्रहालय उघडेपर्यंतचा वेळ मूळपीठावर काढावा.