ताटात उजेड, डोक्यावर ओझं नको!

नांदेडहून एस.टी.नं निघालं की लोहा, अहमदपूर, चाकूर मागं टाकत आपण लातूरला पोचतो. या बाजूच्या खेड्यांत जुनी माळवदाची घरं अजून पाहायला मिळतात. दोन-दोन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर. उन्हातून आत गेलं की क्षणभर काहीच दिसत नाही. मग साण्यातून उतरलेला कवडसा दिसतो आणि भिंतीतली दिवळीही. पाटावर बसलेल्याला पुढ्यातली भाकरी दिसावी, पण ज्योत डोळ्यांवर येऊ नये, एवढा विचार त्या दिवळीच्या उंचीत होता.

आता शहरात टेबल-खुर्च्या आल्या आणि ताट अडीच फूट वर चढलं. दिवा मात्र भिंतीवर उंच, तोही बहुधा पाठीमागं! मग आपलीच सावली आपल्या ताटात पडते.

टेबलावर लटकता दिवा घ्यायचा असेल तर तो टेबलापासून अडीच ते तीन फूट उंच असावा. म्हणजे समोरच्याचं तोंड झाकत नाही आणि बल्बही डोळ्यांत येत नाही. छत्री टेबलाच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडी मोठी चालते. टेबल लांब असेल तर नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातली लंगरची पंगत आठवा. पहिल्या ताटापासून शेवटच्या ताटापर्यंत सारखंच दिसायला हवं. म्हणून एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन लहान बरे.

आपल्याकडची खरी अडचण पंख्याची. चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात टेबलावर पंखा हवाच. दिवा पात्यांच्या वर गेला की ताटात सावल्या भिरभिरतात आणि डोकं दुखतं. अशा वेळी लटकत्या दिव्याचा हट्ट सोडावा. टेबलाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर साडेपाच फुटांच्या सुमारास एकेक झाकलेला दिवा लावावा. दोन्हीकडून उजेड आला की हाताची सावलीही पडत नाही.

बल्ब पिवळसर घ्या. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं असतं, ते पाहून घ्या. पांढऱ्याफटक उजेडात वरणसुद्धा निस्तेज दिसतं. नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. पावसाळ्यात पाखरं येतातच, म्हणून छत्री खालून काचेनं बंद असलेली बघा, नाहीतर पाखरं थेट आमटीत!

लातूरला गंजगोलाईत खरेदीला गेलात आणि झुंबर मनात भरलं, तर आधी त्याचं वजन हातानं पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात या भागातली हजारो माणसं गेली. पुष्कळांवर कोसळलं ते घराचंच ओझं, त्या जाड भिंती आणि ती मातीची माळवदं. मार्च २०२४ मध्येही हिंगोली-नांदेडकडे धक्के जाणवले. तेव्हा जिथं घरची माणसं रोज बसतात तिथं डोक्यावर जड काच टांगू नये. वेताची, कापडाची किंवा पत्र्याची हलकी छत्री घ्यावी. ती पीओपीच्या छताला न लावता स्लॅबमधल्या हुकाला साखळीनं अडकवावी. भार वायरवर येता कामा नये. हे काम वायरमनकडूनच, मेन बंद करून करून घ्यावं.

दिवा लागला की मैत्रिणींनो, एक करा. संध्याकाळी टेबलाच्या प्रत्येक खुर्चीवर पाच मिनिटं बसून पाहा. यजमानांच्या आणि पाहुण्यांच्या जागी उजेड नीट असतोच. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या ज्या खुर्चीवर आपण टेकतो, तिथं तो पोचतो का, हे आवर्जून बघा. पोचत नसेल तर वायरमन घरात आहे तोवरच दिवा वीतभर सरकवून घ्या.