पोहाळ्याच्या लेण्यातला आवाज

कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असतानाच, त्यांचा आणि महात्मा फुले यांचा पुतळा उभा राहिला. आमच्या वस्तीतली कोणतीही सहल तेथे अभिवादन केल्याशिवाय निघत नाही. गेल्या वर्षावासात एका रविवारी आम्ही असेच निघालो. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली, वडणगे, कुशिरे मागे टाकले आणि पोहाळ्याला उतरलो. जोतिबाला जाणाऱ्या गाड्या पुढे गेल्या. आम्ही लेण्याची वाट धरली.

हे लेणे अजिंठ्यासारखे नाही. रंग नाहीत, तिकीट नाही, गर्दी नाही. कातळात कोरलेले खांबांचे दालन आणि भोवती भिक्खूंच्या लहान कोठड्या. आम्ही त्रिशरण-पंचशील म्हणू लागलो तसा वीस-पंचवीस जणांचा आवाज दगडाला लागून परत येऊ लागला. कुणाचा आवाज कुठला, ते कळेना.

आमच्याबरोबर एक आजी होत्या. पोटात गाठ, आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलेले. तरी हट्टाने आल्या होत्या. वंदना संपल्यावर कोठडीच्या उंबऱ्यावर टेकून म्हणाल्या, "माझ्या येळेला पण असंच म्हणा रं. पर जरा हळू."

सगळे गप्प झाले. मी त्या कोठडीकडे बघत राहिलो. इथे एखादा भिक्खू आजारी पडला, तर त्याच्याजवळ कोण बसत असेल? विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली. मग संघाला सांगितले, की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. आजारी गिरिमानंदाजवळ जाऊन आनंदाने दहा संज्ञा ऐकवल्या. महाकाश्यप आजारी असता बुद्धांनी बोध्यंगे ऐकवली, आणि स्वतः बुद्ध आजारी पडले तेव्हा तीच त्यांनी महाचुंदाकडून ऐकली. उशाशी बसून शांत आवाजात ऐकवणे ही आपल्या धम्मातली जुनी रीत आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत, महापरिनिर्वाणाच्या काही तास आधी, बाबासाहेबही त्रिशरणाची रेकॉर्ड ऐकत होते.

आणि आपण काय करतो? माझे वडील गेले तेव्हा मी एका खिडकीपुढे फॉर्म भरत होतो. कारकुनाचा हात, अक्षर चांगले, म्हणून सगळ्यांनी मलाच पाठवले. परत आलो तेव्हा त्यांचा हात गार पडला होता. ती रुखरुख आजही जात नाही.

परदेशात अशा वेळी सोबत करणाऱ्याला आता 'डूला' म्हणतात. बाळंतपणात सुईण तशी मरणाच्या वेळची सोबतीण. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. मरणाच्या वाटेवरच्या कर्करुग्णांची सेवा करणारे देशातले ते पहिले घर. २०२० साली कॅनडातल्या संशोधकांनी शेवटच्या तासांतल्या रुग्णांच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली. शुद्ध हरपलेल्या काही रुग्णांच्या मेंदूतही आवाजाला प्रतिसाद दिसला. म्हणून उशाशी बोलताना जपून बोलावे. "आता काय राहिलं नाही" हे वाक्य तिथे बोलू नये.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर आजींनी अंथरूण धरले. आम्ही पाळ्या लावल्या. दुपारी बायका, रात्री आम्ही पुरुष. टीव्ही बंद. ओठ सुकले की ओल्या कापसाने टिपायचे, कूस बदलायची. वेदना वाढल्या तेव्हा डॉक्टरांना गाठून औषध वाढवून घेतले. आवाजाने दुखणे जात नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आज पितळी वाट्या वाजवून रोग बरा करतो म्हणणारेही निघाले आहेत. त्यांच्या नादी लागू नये.

गावाकडून आलेल्या एका नातलगांनी तुळशीपत्राचा विषय काढला. सून शांतपणे म्हणाली, "आत्याबाईंनी दीक्षा घेतलीया. त्यांच्या तोंडाला पाणी आम्ही लावतोय, तेवढं बास." बाबासाहेबांनी आपल्याला आत्मा मानायला शिकवले नाही. मग आपला पाठ कुणाला पलीकडची वाट दाखवण्यासाठी नसतो. तो समोरच्या जिवंत माणसाचे भय कमी करण्यासाठी असतो.

शेवटच्या रात्री मी वही उघडून परित्राणपाठ म्हणू लागलो. आजींनी बोट हलवले. सून वाकली, कान लावला आणि मला म्हणाली, "भाऊजी, त्यांना जात्यावरची ओवी पाहिजे. भीमाची." मला क्षणभर वाईट वाटले. मग वही मिटली. सून ओवी म्हणू लागली, शेजारणींनी हळूच साथ धरली. आजींचा श्वास लांबत गेला. पहाटे त्या गेल्या. त्यांचा हात सुनेच्या हातात होता.

जलदानविधीच्या दिवशी आमच्यापैकी सात जणांनी नावे लिहून दिली. वस्तीत कुणी अंथरुणाला खिळले, तर पाळीने जाऊन बसायचे. यादी माझ्याकडे आहे, अक्षर माझेच. आपल्या वस्तीतही अशी एक यादी करावी. येत्या वर्षावासात पोहाळ्याला जाल, तेव्हा त्या कोठडीच्या उंबऱ्याजवळ थोडे थांबा, आणि वंदना जरा हळू म्हणा.

जयभीम!