सुकलेल्या नागिणीची कळ

"डॉक्टर, आईची नागीण कवाच सुकली. आता उगंच कण्हती ती." कवठे येमाईतील माझ्या दवाखान्यात एका सत्तरी ओलांडलेल्या आजींच्या मुलाने हे त्यांच्यादेखत सांगितले. फोड गेले होते, पाठीवर डाव्या बाजूस फिकट डाग उरले होते. तरी पदराचा नुसता स्पर्श झाला की आजी कळवळत. वाचकहो, मीही त्यांना दोनदा साधी वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवले होते.

त्या रात्री मला विद्यार्थिदशेतील प्रयोगशाळेचा बेडूक आठवला. मेंदू नष्ट केलेला, मेरुरज्जू शाबूत. सौम्य आम्लाचा कागद पायाला लावताच तो पाय आखडून घेई. त्याला वेदना कळत नसावी. परंतु मेरुरज्जू म्हणजे केवळ निरोप वाहणारी तार नव्हे, एवढे त्या मुक्या जिवाने आम्हांस दाखविले होते. परीक्षा संपली आणि मी ते विसरलो.

लंडनमध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांमधील हाच पाय आखडण्याचा प्रतिसाद मोजला व 1983 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पंजाला इजा झाल्यावर प्रतिसाद तीव्र झाला. नंतर इजेची जागा बधिर केली, तरी तो पूर्ववत झाला नाही. चेतलेपणा जखमेतून मेरुरज्जूत शिरला होता. आज उंदराच्या मेरुरज्जूचे पातळ काप प्राणवायू मिसळलेल्या क्षारद्रवात काही तास जिवंत ठेवून पेशींचे हे वागणे अभ्यासतात. नागिणीत मज्जातंतूच दुखावतो. मग मेरुरज्जूत साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढे जाऊ शकतो. डाग पाहून तिचे माप कसे घेणार?

गॅबापेंटिन हे औषध नेमके कोठे चिकटते, हे 1996 मध्ये डुकराच्या मेंदूच्या ऊतीतून उलगडले. आजींची मूत्रपिंडे तपासून तेच मी अल्प मात्रेत, रात्री सुरू केले. याने चक्कर येते, झोप येते. म्हणून रात्री उठताना कोणीतरी हात द्यावा, असे मुलाला बजावले. आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर हे औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, अकस्मात बंदही करू नका.

"म्हंजी ती खोटं बोलत नव्हती?" त्याने विचारले. आजी माझ्याकडे पाहत होत्या. "नव्हत्या. चूक माझीही झाली," मी म्हणालो.

कळ पूर्ण गेलेली नाही, निम्म्यावर आली आहे. सुनेने जुने मऊ सुती लुगडे काढून दिले आहे. मागच्या खेपेस आजींना बाकावरून उठवताना मुलाने त्यांना उजव्या बाजूने धरले.