हंसापुढे 'ब्र'

बुजऱ्या माणसाची कीव करायची झाली की इंग्रज म्हणतो, "हा बापडा गूजला 'बू' म्हणायचा नाही!" निदान १५८८ पासून हा वाक्प्रचार छापील इंग्रजीत आहे. म्हणजे चारशेहून अधिक वर्षं ही मंडळी माणसाची हिंमत एका पाणपक्ष्यावर मोजताहेत.

मी शब्दकोश उघडला. गूज म्हणजे हंस. झालं! सरस्वतीच्या वाहनाला 'बू' कोण म्हणणार? आपला हंस दूध आणि पाणी वेगळं करतो. आमचा दूधवाला ते एकत्र करतो. ओरडायचंच तर त्याच्यावर ओरडावं. पण तेही कुणी ओरडत नाही.

विलायती हंसाचं प्रकरण मात्र निराळं. तो मान लांब करून, पंख पसरून, फूत्कारत अंगावर येतो. इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्री रोमच्या गडावर चढले, तेव्हा कुत्रे गप्प राहिले आणि हंसांनी कलकलाट करून गड राखला, असं लिव्ही सांगतो. स्कॉटलंडात डंबार्टनला व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून २०१२ पर्यंत हंसांचा पहारा होता. असल्या पक्ष्याला 'बू' न म्हणणं याला आमच्याकडे भित्रेपणा नव्हे, शहाणपण म्हणतात.

मराठीनं ही भानगडच ठेवली नाही. आपण नुसतं म्हणतो, "तोंडातून 'ब्र' काढत नाही." कुणापुढे? ते सांगायची गरजच नाही, सगळ्यांपुढेच! न्हावी मागं आरसा धरून "ठीक आहे ना?" विचारतो, तेव्हा डोक्यावरचं पीक कापून झालेलं असतं. आपण म्हणतो, "छान!" रिक्षावाला सुट्टे नाहीत म्हणाला, की आपण जणू आपणच ते लपवलेत अशा चेहऱ्यानं उतरतो.

मागं आमच्या सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला. वॉचमन आठ दिवस तापानं पडून होता, त्याचे तेवढे पैसे कापावेत. वीस माना चहाच्या कपांत बुडाल्या. तळमजल्यावरच्या आजींनी तेवढं खणखणीत विचारलं, "का?"

अध्यक्षांनी मान लांब केली, हात पसरले, नियम सांगितला, आवाज चढवला.

"जरा मोठ्यानं सांगा हो. का?"

तीच गोष्ट तिसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं सांगताना ती अध्यक्षांना स्वतःलाच बरी वाटेना. ठराव पुढच्या सभेवर गेला आणि अजून तिथंच आहे. वॉचमनला पगार पुरा मिळाला.

तेव्हा हंसापुढे 'बू'च म्हणायला हवं असं काही नाही. 'का' पुरतं. फक्त आजींसारखं थोडं कमी ऐकू यायला हवं, म्हणजे फूत्कारांचा त्रास होत नाही.