कुत्रा आडवा आला

रमजानात आमच्या घरी असरच्या नमाजनंतर दोन गोष्टींना एकदम वेग येतो. आत कढई चढते आणि ओटीवर फोन सुरू होतात. कोण कुठवर आले, कलिंगड घेतले का, पाव मिळाले का, बर्फासाठी कोण थांबणार. घरात फ्रीज आहे, पण बारा माणसांच्या सरबताला त्यातला बर्फ पुरत नाही. म्हणून स्टँडजवळच्या दुकानातून लादीचा तुकडा आणावा लागतो. अजानला वीस-पंचवीस मिनिटे उरलेली असतात आणि बाहेर गेलेला प्रत्येक जण त्याआधी दारात हवा असतो.

गेल्या रमजानात अशाच एका संध्याकाळी धाकट्या भावाला फोन आम्ही लावला. नंबर आम्ही दाबला, मागून तिघी सांगत होत्या, "बर्फाचं सांगा, बर्फाचं." तो मोटरसायकलवर आहे हे आम्हाला कळले होते. हॅलोच्या आधी वाऱ्याचा आवाज आला होता आणि तो स्वतःच म्हणाला, "गाडीवर आहे, बोला." आम्ही बोललो. बर्फ, पाव, आणि अब्बांच्या गोळ्या संपल्यात त्याही. मग काहीतरी आपटल्यासारखा आवाज झाला आणि फोन बंद पडला. रेंज गेली असेल म्हणून आम्ही पुन्हा लावला. दोनदा.

महामार्गापासून आमचे गाव चार किलोमीटर आत आहे. रस्ता अरुंद, कडेला पावसाळी पाण्याचा चर. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते आणि फोन हेल्मेटमध्ये कानाशी खोचलेला होता. ही युक्ती आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. फोन घसरला, त्याने डाव्या हाताने तो वर सरकवला आणि तेवढ्यात रस्त्याच्या कडेने गवताचा भारा घेऊन चाललेल्या पलीकडच्या वाडीतल्या आजोबांना गाडीचा हँडल लागला. आजोबा भाऱ्यासकट पडले. हा गाडीसकट चरात गेला. याची मांडी मोडली, त्यांचे मनगट.

मागून आलेल्या एका रिक्षावाल्याने दोघांना ग्रामीण रुग्णालयात पोहोचवले. त्याने आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो असा, "सर, मला यात गुंतवणार नाहीत ना?" मोटार वाहन कायद्यात 2019 साली 134-अ हे कलम आले आहे. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही, आणि त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्तीही नाही. हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना तो थांबला, हे त्याचे मोठेपण.

रात्री पोलीस जबाब घ्यायला आले. ते व्हरांड्यात कागद काढत होते तेवढ्यात आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्यांनी धाकट्याच्या कानाशी वाकून सांगितले, "कुत्रा आडवा आला म्हण." धाकट्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली मान घातली. त्याने तसे सांगितले, पोलिसांनी तसे लिहिले, पाच मिनिटांत काम झाले. फोनबद्दल कोणी विचारलेच नाही, कारण डोक्याला हेल्मेट होते, लायसन होते, विमा होता. माणूस सगळ्या बाजूंनी नियमात बसत होता.

जानेवारीत, रस्ता सुरक्षा महिन्यात, शाळेच्या पटांगणावर साडेतीनशे मुलांना आम्हीच शपथ दिली होती. उर्दूतून एकदा आणि मराठीतून एकदा.

धाकट्याबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर तो बेफिकीर माणूस वाटेल. सात वर्षे त्याने दुबईत डिलिव्हरीची व्हॅन चालवली. सात वर्षांत चालत्या गाडीत फोनला हात लावला नाही. तिकडे हातात फोन दिसला की 800 दिरहम दंड आणि 4 काळे गुण, आणि असे 24 गुण झाले की लायसन निलंबित. लायसन गेले की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा. आम्ही इथून फोन करायचो तेव्हा तो उचलायचा नाही, तासाभराने पार्किंगमधून परत करायचा. आम्हालाही त्याचे काही वाटत नसे. तोच माणूस परत आला आणि महिन्याभरात हेल्मेटमध्ये फोन खोचू लागला. आमच्या कोकणातल्या किती घरांत असे आहे! मस्कत, कुवेत, दोहा इथे शिस्तीत गाडी चालवणारी आपली माणसे मुंबईच्या विमानतळावर उतरली की ती शिस्त सामानाच्या पट्ट्यावरच सोडून येतात.

इथे कायदा नाही असे नाही. कलम 184 मध्ये, धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, 2019 च्या दुरुस्तीने हातातल्या फोनचा स्पष्ट उल्लेख आला. महाराष्ट्राने डिसेंबर 2021 मध्ये तडजोडीच्या दंडाचे नवे दर लावले. फोनवर बोलताना सापडल्यास दुचाकीला 1000 रुपये, चारचाकीला 2000 आणि तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास 10,000. पण कॅमेरे शहरात आणि मोठ्या महामार्गांवर. गावाकडच्या चार किलोमीटरवर संध्याकाळी साडेसहाला कोण असते? आणि चलन आलेच तर आपण काय करतो? थकवतो आणि लोकअदालतीची वाट पाहतो. नाहीतर कोणाची तरी ओळख काढतो. आम्हीही काढली आहे, तेव्हा दुसऱ्याला नावे ठेवायला तोंड नाही. घरात फक्त एका कलमाचा धाक बसला, तो 199-अ चा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हे कळल्यावर आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांकडून स्कूटरची चावी काढून घेतली गेली. त्याच्या अम्मीने ती तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.

देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. सरकारी अहवालात त्यांची कारणवार विभागणी असते. मोबाइलच्या रकान्यात दोन टक्क्यांच्या आसपास मृत्यू दाखवले आहेत. आधी हा आकडा वाचला तेव्हा आम्हाला तो फार कमी वाटला होता. रुग्णालयातल्या त्या रात्रीनंतर त्याचे नवल वाटत नाही. आकडे जबाबांवरून तयार होतात, आणि जबाबात कुत्रे असतात.

ईदनंतर एका सकाळी आम्ही त्या रस्त्यावर चालत गेलो. कॉल 41 सेकंदांचा होता, फोनमध्ये नोंद होती. गाडीचा वेग ताशी चाळीस धरला तर सेकंदाला अकरा मीटर, म्हणजे साडेचारशे मीटर. आम्ही पावले मोजत निघालो. मोरीपासून सुरुवात केली ती वाडीच्या फाट्यापुढच्या जुन्या आंब्यापर्यंत गेली. मधे दोन वळणे लागली, एक बालवाडी, एक बोअरिंग जिथे बाया पाणी भरत होत्या. एवढ्या अंतरात तो आमच्याशी गोळ्यांच्या नावाबद्दल बोलत होता. रस्त्यातला काटा-दगड दूर करणे हा ईमानचा भाग आहे, हे आपण मुलांना दीनियातच्या पहिल्या धड्यांत शिकवतो. इथे तर इजा आम्ही ओटीवर बसून रस्त्यावर पाठवली होती.

आजोबांचे प्लास्टर सहा आठवडे होते. उपचाराचा खर्च आम्ही पहिल्या दिवसापासून केला, त्यात उपकाराचे काही नाही. प्लास्टर काढले त्या दिवशी फळे घेऊन भेटायला गेलो. ते पडवीत बसून मूठ उघडत-मिटत होते. चहा झाला. पावसाचे, भाताच्या बियाण्याचे बोलणे झाले. निघताना ते म्हणाले, "गुरुजी, एक विचारू? तो कुत्रा कुठच्या रंगाचा होता?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यांनी आवाज चढवला नाही, सूनबाईला हाक मारून आमच्या पिशवीत चार नाचणीचे पापड घालायला सांगितले. म्हणाले, "मी पोलिसांना काय बोललो नाही. तुमच्या घरात सण होता."

हे आम्ही घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. धाकटा कुबड्या घेऊन बसला होता. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "भाईजान, रिक्षा बोलवा." घरात गोंधळ झाला. चाची म्हणाल्या, स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेता, मिटलेले प्रकरण आहे. अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून आम्हाला भीती वाटली, पण त्यांनी आपली टोपी मागितली आणि तेही रिक्षात बसले.

पोलीस ठाण्यातले अंमलदार वैतागले. "सर, आता हे कशाला उकरून काढताय?" त्यांचा वैताग आम्ही समजू शकतो, त्यांच्या टेबलावर त्या दिवशी तीन अपघातांचे कागद होते. शेवटी पुरवणी जबाब झाला. हेल्मेटमधला फोन, डावा हात, सगळे लिहिले गेले. फोन कोणाचा होता हेही लिहा, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "फोन करणाऱ्यावर कलम नाही, सर." तरी त्यांनी लिहून घेतले. पुढे कोर्टात धाकट्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला. त्याचा पाय अजून जिना चढताना दुखतो.

या रमजानात ओटीवर असरनंतर शांतता असते. काय आणायचे ते सकाळीच कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात जाते. धाकटा फोन बंद करून डब्याच्या पिशवीत टाकतो. पहिले चार-पाच दिवस फार जड गेले. साडेसहा झाले की हात आपोआप फोनकडे जायचा, अम्मी दारापर्यंत जाऊन यायच्या आणि कोणी काही बोलायचे नाही. दहाव्या रोजाला त्याला यायला उशीर झाला. अजान झाली, आम्ही खजुरावर रोजा सोडला, सरबत बिनबर्फाचे प्यालो. नमाजला उभे राहायच्या बेतात असताना फाटकाशी गाडी थांबली. लादीचा अर्धा बर्फ वाटेत वितळून त्याच्या पायजम्यावर ओघळला होता.